उसनी चित्रे आणि आजची बोली : जुन्या छापील चित्रांतून घडणाऱ्या विनोदी चित्रमालिकांचा विचार

प्रस्तावना

विनोदी चित्रमालिका म्हटली की प्रथम चित्रकाराची रेषा आठवते. शि. द. फडणीस, वसंत सरवटे किंवा आर. के. लक्ष्मण यांची चित्रे खालची सही न पाहताही ओळखता येतात. कारण त्यांचा विनोद बऱ्याच अंशी रेषेतच सामावलेला असतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र असा एक प्रकार पुढे आला आहे, की ज्यात मालिकाकाराने स्वतः एकही रेषा काढलेली नसते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची चित्रे घ्यावयाची, त्यांतील माणसे, पशू, यंत्रे, दालने कापून वेगळी करावयाची, ती नव्या चौकटीत एकत्र मांडावयाची आणि त्यांच्या तोंडी आजची भाषा घालावयाची, असे या प्रकाराचे स्थूल स्वरूप आहे. मराठीत त्याला रूढ नाव नाही. सोयीसाठी प्रस्तुत लेखात त्यास ‘उसन्या चित्रांची चित्रमालिका’ असे म्हटले आहे.

अशा कामावर पहिला आक्षेप अपेक्षित असाच असतो : ज्याला चित्र काढता येत नाही त्याने शोधलेली ही पळवाट आहे. या आक्षेपाचा विचार तंत्राच्या अंगाने करून भागत नाही. येथे विनोद नेमका कोठे निर्माण होतो, हे आधी पाहावे लागते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, तो जुन्या चित्राला समाजात असलेला मान आणि फुग्यातील भाषा यांच्यामधील अंतरातून निर्माण होतो. म्हणून अशा मालिकेचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न विचारावे लागतात. वाचकाला ते चित्र किती व कसे परिचित आहे? आणि फुग्यातील भाषा कोणाची आहे? यांपैकी दुसरा प्रश्न इंग्रजीत बराचसा झाकून ठेवता येतो. मराठीत तो झाकता येत नाही. महाराष्ट्राच्या मातीत छापल्या गेलेल्या चित्रांचा या प्रकारात वापर होत असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

तंत्राची पूर्वपीठिका

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये टॉमस ब्युइक याने कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर बारीक कोरीवकाम करण्याची पद्धत रूढ केली. असा ठोकळा खिळ्यांच्या बरोबरीने यंत्रावर चढविता येत असल्यामुळे मजकूर आणि चित्र एकाच पानावर छापणे सोपे झाले. १८४२ मध्ये निघालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’सारख्या साप्ताहिकांनी याच पद्धतीवर आपला डोलारा उभारला. मोठे चित्र अनेक लहान ठोकळ्यांत विभागून वेगवेगळ्या कारागिरांकडून कोरून घेतले जाई आणि मग ते ठोकळे जोडले जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रावरून थेट ठसे बनविण्याची सोय झाली आणि ही कारागिरी मागे पडली. मागे उरला तो हजारो पानांचा, बहुतांशी निनावी कारागिरांनी कोरलेला चित्रांचा साठा.

या साठ्याला कात्री लावण्याचे काम प्रथम गांभीर्याने केले ते अतिवास्तववादी चित्रकार माक्स एर्न्स्ट याने. १९२९ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये त्याने जुन्या कादंबऱ्या व नियतकालिके यांतील चित्रे कापून चित्रग्रंथ सिद्ध केले. १९३४ च्या ग्रंथात १८२ चित्रे आहेत. सभ्य दिवाणखान्यात पक्ष्याच्या डोक्याचा पुरुष उभा राहिला, की त्या दिवाणखान्याची सभ्यता संशयास्पद होते, हे त्याने दाखविले. पुढे १९६९ पासून ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘मॉन्टी पायथन’ या कार्यक्रमात टेरी गिलियम याने कापलेली जुनी चित्रे हलती केली आणि भयाऐवजी हास्य साधले. अमेरिकेतील डेव्हिड माल्की याने २००३ पासून चालविलेली ‘वंडरमार्क’ ही मालिका याच मार्गावरची आहे. एकोणिसाव्या शतकातील कोरीव चित्रांतले दाढीवाले गृहस्थ आणि घेरदार झग्यातल्या स्त्रिया तेथे आजच्या कार्यालयांविषयी, यंत्रांविषयी आणि निरर्थक वादांविषयी बोलतात. २०१४ मधील तिच्या एका भागात एक समुद्रसिंह एका जोडप्याचा अत्यंत विनयाने, पुरावे मागत मागत पिच्छा पुरवितो. त्या भागावरून अशा छळवादी विनयासाठी इंग्रजीत एक नवे क्रियापदच रूढ झाले. उसन्या चित्रांतून निघालेल्या विनोदाने भाषेला शब्द द्यावा, हे या प्रकाराच्या सामर्थ्याचे बोलके उदाहरण होय.

मराठी मुलखातील चित्रसाठा

हा प्रकार पाश्चात्त्य असला तरी त्याला लागणारी सामग्री मराठी मुलखात विपुल आहे. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू झाला आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची रंगीत चित्रे घरोघर पोहोचू लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईस गिरगावात आपला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. मळवलीहून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती या चित्रांनी पुढील अनेक पिढ्यांना देव कसे दिसतात आणि कुलीन स्त्री कशी उभी राहते, हे शिकविले. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ मधील पौराणिक जगाचा चेहरामोहरा या छापील चित्रांना अनोळखी नाही.

या चित्रांचा पुनर्वापर त्यांच्याच काळात सुरू झाला होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. काडेपेट्या व कापडाच्या गाठी यांवरील छाप, साबण व औषधे यांच्या जाहिरातींची कॅलेंडरे यांवर रविवर्म्याच्या नायिका अवतरल्या. घराघरांतून त्यांच्या चित्रांवर जर, टिकल्या आणि खरे कापड चिकटविण्याची हौस होती. छापील चित्र ही हात न लावण्याची वस्तू आहे, अशी भावना येथे नव्हती. चित्र घ्यावे, सजवावे, कापावे, दुसऱ्या कामी लावावे, हा व्यवहार सर्वमान्य होता.

जुन्या चित्रावर नवा शब्द चढविण्याची कलाही येथे आधीपासूनच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी ही त्याची ठळक परंपरा. कागदावर रंगविलेली रामायण-महाभारतातील चित्रे पोथीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या जपली जातात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने निवेदन व संवाद रचत जातो. चित्र तेच राहते. शब्द, हेल आणि प्रसंगाला दिलेला रंग दर खेपेस बदलतो. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दुसरे उदाहरण दिवाळी अंकाचे आहे. मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या ‘आवाज’ या दिवाळी अंकातील खिडकीचित्रे मराठी वाचकाला सुपरिचित आहेत. वरच्या पानाला पाडलेल्या खिडकीतून खालच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि वाचक मनाशी काहीबाही समजून बसतो. पान उलटले, की तोच तुकडा एका निरुपद्रवी चित्राचा भाग निघतो. चित्राचा तुकडा मुळात निरागस असतो, त्याला अर्थ देते ती त्याच्या भोवतीची चौकट, हे तत्त्व मराठी वाचकाने अशा रीतीने दर दिवाळीला हसत हसत गिरविलेले आहे. उसन्या चित्रांची मालिका उभी आहे ती याच तत्त्वावर.

चित्राची पूर्वओळख : चार उदाहरणे

आता पहिल्या प्रश्नाकडे वळता येईल. ‘वंडरमार्क’मधील चित्रे आजच्या वाचकाला ‘जुनी’ म्हणून कळतात, पण त्यांतील एखादे विशिष्ट चित्र त्याने पूर्वी पाहिलेले नसते. तो दाढीवाला गृहस्थ मुळात कोणत्या कादंबरीत, कोणत्या प्रसंगी उभा होता, हे त्याच्या गावीही नसते. त्यामुळे तेथील विनोद विसंगतीचा आणि असंबद्धतेचा असतो. कोणाचाही अवमान होत नाही, कारण मान राखावा असे त्या चित्रात काही उरलेलेच नाही.

बंगळुरू येथील चित्रपटकर्त्या आरती पार्थसारथी यांची २०१४ पासूनची ‘रॉयल एग्झिस्टेन्शिअल्स’ ही मालिका ‘वंडरमार्क’वरून स्फूर्ती घेऊन निघाली, मात्र तिने मुघल व तत्सम लघुचित्रे सामग्री म्हणून घेतली. बादशहा, बेगमा, दासी आणि दरबारी मंडळी तेथे स्त्रियांचे स्थान, सत्ता, एकाकीपणा यांविषयी बोलतात. ही चित्रे वाचकाला पाठ्यपुस्तकातून परिचित आहेत. त्यांच्याविषयी आदर आहे. परंतु हा आदर वस्तुसंग्रहालयातला आहे, देवघरातला नव्हे. मालिकेतील उत्तम भागांत जनानखान्यातील स्त्रियांचे बंदिस्त ऐश्वर्य आणि आजच्या स्त्रीची मर्यादित मोकळीक यांची तुलना चटका लावून जाते. दुबळ्या भागांत मात्र लघुचित्र केवळ वेषभूषेपुरते उरते. महानगरातील सुशिक्षिताचे संभाषण बादशहाच्या पोशाखात ऐकल्यासारखे वाटते. तेच संवाद दुसऱ्या कोणत्याही चित्राखाली चालले असते का, अशी कसोटी लावली असता या भागांचे उणेपण ध्यानात येते.

मुंबईचे प्रियेश त्रिवेदी यांचे ‘आदर्श बालक’ हे २०१४ पासूनचे काम या कसोटीवर अधिक टिकते. शाळाशाळांतून भिंतीवर लावले जाणारे ‘आदर्श बालका’चे तक्ते हा त्याचा आधार. दात घासणारा, वडीलधाऱ्यांना नमस्कार करणारा, वेळेवर अभ्यास करणारा तो गुटगुटीत मुलगा त्रिवेदींच्या चित्रांत त्याच आज्ञाधारक चेहऱ्याने व्यसने आणि उपद्व्याप करताना दिसतो. येथे चित्रे कापलेली नाहीत, जुन्या शैलीत नव्याने रंगविलेली आहेत. त्यामुळे काटेकोरपणे पाहता हे काम उसन्या चित्रांच्या सीमेवरचे आहे. परंतु तक्त्याची मांडणी, त्याचे सपाट रंग आणि उपदेशाचा थाट उसनाच आहे. वाचकाने तो तक्ता वर्गात वर्षानुवर्षे समोर पाहिलेला असतो. त्या तक्त्याने त्याला उपदेश केलेला असतो. म्हणून विनोद थेट उपदेशकर्त्याच्या अधिकाराला भिडतो.

चौथे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. राजेश राजामणी यांच्या ‘इनएडिबल इंडिया’ या व्यंगमालेत रविवर्म्याच्या चित्रांतील पात्रांच्या तोंडी आजच्या उच्चवर्णीय, स्वतःला उदारमतवादी म्हणविणाऱ्या वर्गाचे संवाद घातले जातात. जात आपण मानीत नाही असे सांगत सांगत जातीचे सर्व लाभ सांभाळणारी भाषा हे त्या व्यंगाचे लक्ष्य आहे. हीच दृष्टी त्यांच्या २०२० मधील ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द सवर्णाज’ या लघुपटातही दिसते. येथे चित्राची निवड केवळ शोभेची नाही. भारतीय कुलीनतेचा जो चेहरा मळवलीच्या छापखान्याने घरोघर पोहोचविला, तोच चेहरा येथे बोलता केला आहे. ज्या वर्गाने त्या चित्रात स्वतःचे आदर्श रूप पाहिले, त्याच वर्गाची आजची बोली त्या चित्राच्या तोंडी येते. चित्र आणि संवाद एकमेकांचे साक्षीदार होतात. हे संवाद लघुचित्राखाली किंवा इंग्रजी कोरीव चित्राखाली ठेवले, तर त्यांची धार जाईल. म्हणूनच चार उदाहरणांत चित्र आणि संवाद यांचा सांधा येथे सर्वांत घट्ट आहे, असे म्हणावे लागते.

या चार उदाहरणांवरून एक सूत्र हाती येते. चित्राची ओळख पुसली गेलेली असेल तर कात्रीतून असंबद्धतेचा विनोद निघतो. ओळख जिवंत असेल तर उपरोध निघतो. आणि त्या चित्राने ज्यांना घडविले तेच लोक विनोदाचे लक्ष्य असतील, तर उपरोधाचे रूपांतर सामाजिक टीकेत होते.

गोठलेली मुद्रा

जुनी चित्रे बोलती करणे सोपे का जाते, याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे. रविवर्म्याच्या नायिका बहुधा एखाद्या प्रसंगाच्या मध्यावर थबकलेल्या असतात. पायातील काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी शकुंतला, हंसाचे बोलणे ऐकणारी दमयंती, हातात पत्र घेतलेली स्त्री, या सर्वांच्या देहात बोलण्याची किंवा ऐकण्याची मुद्रा आहे. शब्द मात्र नाहीत. ही रंगभूमीवरची मुद्रा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले आणि पुढील दोन दशकांत रविवर्म्याची शकुंतला छापखान्यातून बाहेर पडली. एकाच प्रेक्षकवर्गाने ती ऐकली आणि भिंतीवर टांगली. त्या भिंतीवरच्या शकुंतलेच्या ओठांवर प्रेक्षक मनोमन नाटकातील पदे ठेवीत असणार, असा तर्क करणे वावगे होणार नाही. आजचा मालिकाकार त्या रिकाम्या जागेत वेगळे शब्द ठेवतो, एवढेच.

येथे चित्रमालिकेच्या तंत्राचा एक विशेष नोंदविला पाहिजे. हाताने काढलेल्या मालिकेत चौकटीगणिक पात्राचा चेहरा बदलतो. उसन्या चित्रांच्या मालिकेत तो बदलू शकत नाही. तीन चौकटींत तीच शकुंतला त्याच कोनात वळलेली असते. काळ पुढे सरकतो तो केवळ शब्दांमुळे. मधली एखादी चौकट निःशब्द ठेवली, तर तोच चेहरा वाचकाला विचारात पडलेला, अपमानित किंवा बधिर झालेला वाटू लागतो, वस्तुतः रेषाही हललेली नसते. या मर्यादेतूनच या प्रकाराचा खास स्वभाव सिद्ध होतो. पात्रे बोलत राहतात, पण त्यांचे काहीही बदलत नाही. ज्या समाजव्यवस्थेवर टीका करावयाची, तिच्या अचलतेचे याहून नेमके दृश्यरूप शोधून सापडणे कठीण. चित्र काढता न येणाऱ्याची पळवाट, या आक्षेपाला येथे उत्तर मिळते : चेहरा न बदलणे ही येथे उणीव नसून आशयाचा भाग आहे. अर्थात मालिकाकार त्याचा जाणतेपणाने उपयोग करील तरच.

फुग्यातील भाषा कोणाची?

वर उल्लेखिलेल्या भारतीय मालिकांची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे. ज्या चित्रांची छपाई महाराष्ट्रात झाली, ज्यांतील अनेक नायिकांच्या अंगावर नऊवारी वळणाची साडी आहे, ती चित्रे बोलू लागली तेव्हा इंग्रजीतून बोलू लागली. याची खंत भाषाभिमानापोटी करण्याचे कारण नाही. लक्ष्य असलेला वर्ग इंग्रजीतच बोलतो, तेव्हा त्याच्या व्यंगाची भाषा इंग्रजी असणे सयुक्तिकच आहे. प्रश्न वेगळा आहे. मराठीत हेच करावयाचे झाल्यास काय करावे लागेल?

इंग्रजीतील एकच सर्वनाम राणीला आणि दासीला सारखेच चालते. मराठीत ‘येतेस का?’, ‘येता का?’, ‘येणार आहात का?’ आणि ‘यायचं हाय का?’ हे चार निराळे संबंध आहेत. दोन स्त्रिया बोलत असल्या तर त्यांपैकी कोण कोणाला ‘अगं’ म्हणते आणि कोण ‘बाईसाहेब’, हे ठरविल्याशिवाय फुगा भरताच येत नाही. नवरा बायकोला ‘तू’ म्हणतो आणि बायको ‘अहो’ म्हणते की तीही ‘तू’ म्हणते, यावरून त्या जोडप्याचे घर, पिढी आणि पुष्कळदा जातही कळते. पुढचा प्रश्न बोलीचा. रविवर्म्याच्या दमयंतीने संगीत नाटकातील संस्कृतप्रचुर मराठी बोलावी, सदाशिव पेठेतील प्रमाण मराठी बोलावी, की उरणच्या खाडीकाठची आगरी बोलावी? या तिन्हींतून तिन्ही वेगवेगळे विनोद निघतील. पहिल्यातून जुन्या अलंकारिकतेची थट्टा होईल. दुसऱ्यातून मध्यमवर्गाची होईल. तिसऱ्यातून कोणाची होईल, हा खरा कळीचा मुद्दा आहे.

मराठी नाटक-चित्रपटांनी ग्रामीण व प्रादेशिक बोलींचा उपयोग हशा पिकविण्यासाठी दीर्घकाळ केला. नोकर, गडी, कोळीण, गावंढळ पाहुणा यांच्या तोंडी बोली येते आणि नायक-नायिका प्रमाण भाषा बोलतात, ही वाटणी प्रेक्षकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की बोली ऐकताच त्याला हसू येते. उसन्या चित्रांची मराठी मालिका या सवयीच्या आहारी गेली, तर कुलीन चित्राच्या तोंडी आगरी शब्द घालून ‘कशी गंमत!’ असा स्वस्त विनोद तिला सहज साधेल. त्या विनोदात हसे होते ते बोलीचे. कुलीनता अबाधित राहते. किंबहुना ‘या तोंडी ही भाषा शोभत नाही’ या गृहीतकावरच तो विनोद उभा असतो. याउलट त्याच चित्रातील आगरी बोलणारी स्त्री प्रसंगाचे मर्म जाणणारी असेल आणि संस्कृतप्रचुर बोलणारा राजा फसवा ठरत असेल, तर तोच फुगा चित्राच्या प्रतिष्ठेची तपासणी करू लागतो. शब्द तेच, चित्र तेच. परंतु हास्याची दिशा उलट. मराठीतील मालिकाकाराला ही दिशा दर चौकटीत ठरवावी लागेल. इंग्रजीतील मालिकाकाराला पुष्कळदा ती ठरवावीच लागत नाही. मराठीतील काम अधिक अवघड आहे ते यामुळे, आणि साधले तर ते अधिक खरेही ठरेल ते यामुळेच.

घारापुरीच्या चित्रांतील माणसे

या चर्चेला उरण परिसराचा एक विशेष संदर्भ आहे. उरण तालुक्यातील घारापुरीच्या लेण्यांची युरोपीय चित्रे अठराव्या शतकापासून काढली व छापली जाऊ लागली. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या शोधमोहिमेतील कार्स्टेन नीबूर याने १७६४ मध्ये लेण्यांना भेट दिली, मापे घेतली आणि त्याची रेखाटने पुढे त्याच्या प्रवासग्रंथात कोरीव चित्रांच्या रूपाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर अनेक प्रवासी चित्रकारांनी तो विषय हाताळला. अशा निसर्ग व वास्तुचित्रांत खांबाच्या पायथ्याशी एखाद-दुसरी मानवी आकृती बसविण्याचा प्रघात होता. वास्तूची उंची कळावी, हा तिचा उपयोग. ती आकृती बहुधा स्थानिक माणसाची असे. तिला नाव नसे, चेहरा अस्पष्ट असे आणि तिचे चित्रातील काम मोजपट्टीचे असे.

ही चित्रे आज उसनी घ्यावयाची झाली, तर प्रथम बोलते कोणाला करावे? रविवर्म्याच्या चित्रात मध्यभागी असलेल्या नायिकेला बोलते केल्याने तिची प्रतिष्ठा तपासली जाते. येथे मात्र चित्राच्या कोपऱ्यातील आकृतीला तोंड फुटू शकते. ज्याच्या बेटावर हे सर्व घडत आहे, तो माणूस मापे घेणाऱ्या साहेबाकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, ही कल्पनाच विनोदी व गंभीर अशी दोन्ही आहे. आणि त्याने बोलावयाचे तर त्याच्या बोलीतच बोलावे लागेल. येथे बोली हशासाठी वापरलेली नसते, तर चित्राने ज्याची मोजपट्टी केली त्या माणसाचा हक्क म्हणून ती येते. उसन्या चित्रांच्या मालिकेची ही शक्यता पाश्चात्त्य उदाहरणांत फारशी दिसत नाही. ज्या प्रदेशाची चित्रे दुसऱ्यांनी काढली, त्या प्रदेशाच्या भाषांपुढे ती स्वाभाविकपणे उभी राहते.

हक्क आणि मर्यादा

उसनवारी म्हटली की मालकीचा प्रश्न येतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये चित्रावरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. राजा रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या मूळ चित्रांचा वापर करण्यास या कायद्याची अडचण नाही. निनावी चित्रांच्या बाबतीत प्रकाशनापासून ६० वर्षे मोजली जातात. शालेय तक्ते, दिवाळी अंक, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाठ्यपुस्तके यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक वेळी तपास करावा लागेल. मीठ वेगळे आणि मिठाचा व्यापारी वेगळा, हा विवेक येथे आवश्यक आहे : चित्र सर्वांचे झाले तरी त्याची एखाद्या संस्थेने जपलेली प्रत व तिचे छायाचित्र यांच्या वापराच्या अटी निराळ्या असू शकतात.

कायद्यापलीकडचा प्रश्न श्रद्धेचा आहे. मळवलीच्या चित्रांपैकी काही आजही देवघरात पूजेत आहेत. शकुंतला आणि लक्ष्मी एकाच छापखान्यातून निघाल्या तरी दोघींशी असलेले नाते सारखे नाही. चांगला मालिकाकार पूजेतल्या चित्राला टाळतो तेव्हा तो केवळ भयापोटी टाळतो असे नाही. पूजेतील चित्राचा मान हा श्रद्धाळू व्यक्तीच्या खासगी जीवनाचा भाग असतो; कुलीनतेच्या चित्राचा मान हा सार्वजनिक सत्तेचा भाग असतो. व्यंगाचे न्याय्य लक्ष्य दुसऱ्या प्रकारचा मान होय. या दोहोंतील सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसते, हेही मान्य केले पाहिजे. कारण देवतेच्या रूपातही कुलीनतेचाच चेहरा रंगविलेला आहे. ही अडचण मालिकाकाराने प्रत्येक चित्रापुरती सोडवावी लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. उसन्या चित्रांच्या विनोदी मालिकेचे मूल्य चित्रे कापण्याच्या कौशल्यावर ठरत नाही. कोणते चित्र कोणाच्या स्मरणात कोणत्या मानाने वसले आहे, याच्या जाणिवेवर ते ठरते. तेच संवाद दुसऱ्या चित्राखाली चालले असते का, ही या प्रकाराची साधी पण भरवशाची कसोटी आहे. न बदलणारा चेहरा ही तिची मर्यादा असून तीच तिची अर्थपूर्ण खूण होऊ शकते. चित्रकथी आणि खिडकीचित्रे यांमुळे मराठी वाचकाची दृष्टी या प्रकारासाठी आधीच तयार झालेली आहे. चित्रशाळा व मळवली यांमुळे चित्रांचा तोटाही नाही.

उणीव आहे ती मराठी फुग्याची. तो भरताना संबोधन आणि बोली यांची निवड करावी लागते आणि त्या निवडीतून मालिकाकाराची बाजू उघड होते. महाविद्यालयीन मराठी विभागांना येथे एक उपयुक्त अभ्यासही उपलब्ध आहे. एकच जुने चित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, प्रत्येकाने त्याच्या घरच्या बोलीत फुगा भरावा आणि मग वर्ग कोणत्या फुग्याला हसला व का हसला, याची चर्चा करावी. सामाजिक भाषाविज्ञानाच्या पुस्तकी व्याख्यांपेक्षा त्या चर्चेतून भाषा आणि प्रतिष्ठा यांचे नाते अधिक लवकर कळेल. काही विद्यार्थी आपल्या बोलीतला फुगा भरण्यास संकोचतील. तो संकोचही चर्चेचा विषय व्हावयास हवा.